संगीत नाटक हातात घेण्याआधी

ऐरोलीच्या एका हौशी नाट्यमंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळ दरवर्षी गद्य नाटक करते, यंदा संगीत नाटक करायचे आहे. गाणाऱ्या दोघी आणि गाणारा एक, बाकी नऊ-दहा जण गद्याचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' सगळेच करतात, म्हणून विस्मृतीत गेलेले एखादे नाटक घ्यावे असे काहींचे म्हणणे. उरलेल्यांचे म्हणणे, ते चांगले असते तर विसरले गेले असते का? तेव्हा नाटक पारखायचे कसे, आणि आजच्या प्रेक्षकासाठी किती कापायचे?

आधी त्या शंकेबद्दल. संगीत नाटक विस्मृतीत जाण्याची कारणे बहुतेक वेळा नाटकाबाहेरची असतात. भूमिका एकाच गवयाच्या गळ्यासाठी बेतलेली असते. तो गेला की दुसरा कोणी त्या चाली पेलत नाही. कंपनी बुडते, तिच्याबरोबर चाली ठाऊक असलेले पेटीवाले आणि तबलजी पांगतात. पुस्तक छापलेले असते, पण त्यात पदावर नुसते 'चाल : अमुक' एवढेच लिहिलेले आणि ते मूळ गाणे आज कोणाला येत नाही. उलट बाजूनेही हेच खरे. काही नाटके गाजलेली राहिली ती त्यातल्या चार पदांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. नाटक म्हणून ती कोणी तपासलेलीच नाहीत. म्हणून पहिला नियम: ध्वनिमुद्रिका ऐकून नाटकाबद्दल मत बनवू नका. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेच पद रंगमंचावर वन्समोर घेत कितीतरी लांबे. आपण ऐकतो तो त्याचा अर्क, आणि तोही प्रसंगातून उचलून बाजूला काढलेला.

पारख संहितेवरून करायची. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचे आहे, जुन्या नाटकांची पुस्तके शोधायची तर सुरुवात तिथून करा. एकाच नाटकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर दोन्ही पाहा, कारण नंतरच्या आवृत्त्यांत पदे गाळलेली किंवा बदललेली सापडतात. मग सगळ्यांनी बसून एकदा नाटक पदे वगळून मोठ्याने वाचायचे. गाणाऱ्यांनीही गायचे नाही. जिथे कथा तुटल्यासारखी वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या जागचे पद नाटकाला लागते. जिथे काहीच अडले नाही, तिथले पद सुरेख असेल, पण ते तुम्ही आवडीने ठेवणार आहात एवढे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या वाचनाला प्रत्येक पदापुढे वहीत चार गोष्टी लिहा: कोण कोणाला उद्देशून गातो, गाण्याआधी त्याला काय ठाऊक होते, गाऊन झाल्यावर काय बदलले, आणि प्रकार कोणता, म्हणजे साकी, दिंडी, कामदा (हे छोटे, सरळ चालीत म्हणायचे छंद), की ताना-आलापांचे पद. हा शेवटचा रकाना हौशी मंडळी हमखास सोडतात, आणि घोटाळा तिथेच होतो. कापाकापीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड साकी-दिंडीवर पडते, कारण त्यांना टाळ्या नाहीत. पण किर्लोस्करांच्या नाटकांत बातमी, निरोप, वर्णन, मनातला बेत हे सगळे त्या छोट्या, सरळ चालींवर चालते. 'सौभद्र'च्या पहिल्या अंकात नारद सहज गाऊन सांगतो की मी द्वारकेला सुभद्रेच्या लग्नाला निघालोय, आणि त्यातून अर्जुनाच्या पायाखालची जमीन सरकते. ते छोटे पद उडवून नुसते अर्जुनाचे दुःख ठेवले, तर तो कशासाठी व्याकूळ झालाय हे मागच्या रांगेला कळत नाही. याउलट 'प्रिये पहा' घ्या. कृष्ण रुक्मिणीला सांगतो, रात्र सरली, उषःकाल होतोय. सव्वाशेहून अधिक वर्षे लोक त्या पदाची वाट बघतात, पण कथा त्यात एक पाऊलही पुढे सरकत नाही. ते ठेवायचेच, फक्त चार मिनिटांत. वेळ वाचवायचा तर तो अशा पदांच्या तानांतून वाचवा. नारदाच्या दीड मिनिटाला हात लावू नका.

किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त (1880) पदे दोनशेच्या आसपास आणि 'सौभद्रा'त (1882) शंभराहून जास्त आहेत. आकडा ऐकून दचकू नका. त्यांतली बरीचशी या छोट्या जातीची आहेत आणि चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कानडी मुलखातल्या. गद्य नटसुद्धा सुरात असला तर साकी म्हणू शकतो, आणि किर्लोस्करी नाटक बसवताना या गोष्टीचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा. तुमच्या नऊ-दहा गद्य नटांपैकी चारजण तरी सुरात बोलणारे निघतील.

1911च्या 'मानापमाना'पासून मामला बदलतो. संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या (उत्तर हिंदुस्थानी) ठुमरी-दादऱ्यांच्या वळणाच्या चाली आणल्या आणि नाटककार कृ. प्र. खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. 'स्वयंवरा'त (1916) भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचे वजन आणले: 'सुजन कसा मन चोरी' भूपात, 'मम आत्मा गमला' बिहागात, 'स्वकुल तारक सुता' भीमपलासात, 'नाथ हा माझा' यमनमध्ये. ऐकायला लाजवाब. पण चालीत शब्द कोंबताना खाडिलकरांच्या पदांत अन्वय असा काही मुरडतो की अर्थ लावायला पुस्तक हातात घ्यावे लागते. पद्य बघून खाडिलकरांना कमी लेखणारे बरेच भेटतात. त्यांनी गद्य वाचावे. 'मानापमाना'त धनाचा माज आणि शौर्याचा ताठा यांची जी बाचाबाची नायिका भामिनी आणि नायक धैर्यधर यांच्यात चालते, ती आजही जशीच्या तशी बोलता येते. 'स्वयंवरा'त रुक्मिणीचे 'दादा, ते आले ना?' हे चार शब्द बालगंधर्वांच्या प्रवेशाबरोबर लोकांच्या तोंडी राहिले, कोणत्याही तानेइतकेच. तेव्हा या दोन नाटकांत कापायची ती पदे. गद्याला कात्री लावाल तर उरेल ती नुसती नाट्यगीतांची मैफल. आजकाल पुष्कळ ठिकाणी हेच होते आणि मग लोक म्हणतात, नाटकात दम नाही.

'एकच प्याला'ची गोष्ट तिसरीच. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले, नाटक पुढच्याच महिन्यात बडोद्याला रंगमंचावर आले, आणि पदे लिहिली वि. सी. गुर्जरांनी. संहिता गद्य म्हणून पूर्ण उभी राहते. गद्य प्रयोगही झालेले आहेत. 'चंद्र चवथिचा' किंवा 'कशी या त्यजू पदाला' काढल्याने कथेत खड्डा पडत नाही. पदे आली की दारुड्या सुधाकराच्या बायकोचे, सिंधूचे दुःख गोड होते, हा खरा धोका. आजचा प्रेक्षक सिंधूच्या पातिव्रत्यावर चुळबुळ करतो, आणि शेवटी ती सुधाकराला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटे बोलते तेव्हा तर हमखास. काही मंडळी तो भाग सौम्य करतात. करू नका. तिचे ते खोटे बोलणे हेच नाटकातले सर्वांत भीषण ठिकाण आहे. फक्त ते रडत म्हणायचे नाही, जबाब द्यावा तसे कोरडे म्हणायचे. सुधाकराच्या दारुड्या सोबत्याच्या, तळीरामाच्या प्रवेशांना हशा मिळतो म्हणून ते लांबवण्याचा मोह होतो, तोही आवरा. हशा जितका लांबतो तितका पुढचा अंक जड जातो.

'शारदा' (1899) घ्यावे का असे बरेच जण विचारतात. गो. ब. देवलांचे गद्य मराठीतले सगळ्यात बोलके, पदे सोपी आणि अर्थवाही. 'मूर्तिमंत भीति उभी' हे पद कोवळ्या मुलीच्या तोंडी आहे आणि ते कोवळ्या गळ्यानेच गायला हवे. कसलेल्या गायिकेने त्यात ताना घातल्या की भीती पळून जाते. नाटकाची फेरतपासणी करताना एक गोष्ट मात्र उघड बोलावी: जरठकुमारी विवाहावरचे (म्हातारा नवरा, कोवळी वधू) हे नाटक, पण लग्न मोडते ते वधू-वर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे निघाल्यामुळे. अन्याय शास्त्राच्या आधाराने थांबतो. त्या काळातल्या सुधारकाला हाच दरवाजा उघडा होता असे म्हणता येईल, किंवा देवलांनी कच खाल्ली असेही. माझे मत पहिल्या बाजूला झुकते. शारदेच्या बापाचा, कांचनभटाचा लोभ त्यांनी इतका निर्दयपणे रंगवला आहे की शेवटच्या सोयीने तो धुऊन निघत नाही. प्रयोगात हा प्रसंग घाईने उरकू नका, लोकांना ती सोय दिसू द्या.

गाजलेल्यांत माझ्या दृष्टीने पद आणि नाटक सर्वांत घट्ट बांधले गेले आहे ते 'कट्यार काळजात घुसली'मध्ये (1967). 'घेई छंद मकरंद' तिथे दोन प्रतिस्पर्धी गवयांच्या दोन चालींत येते, पंडितजींकडची धानी रागात, खाँसाहेबांकडची सालगवराळी रागात. शब्द तेच, स्वभाव दोन. दोन घराण्यांतला वाद कोणी संवादात सांगायला गेला असता तर अर्धा तास लागला असता आणि पटला नसता. 2015च्या चित्रपटावरून मात्र नाटकाचा अंदाज बांधू नका. माध्यम वेगळे, बांधणीही वेगळी. आणि तुमच्या मंडळाने यंदा 'कट्यार'च्या वाटेला जाऊ नये. त्याला वसंतराव देशपांड्यांच्या तोडीचा नको, पण निदान दहा वर्षे तालमीत घासलेला गळा लागतो. तोच मुद्दा 'मंदारमाला'ला (1963) लागू आहे. राम मराठे ठाण्याचे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव महापालिका भरवते, त्यामुळे इकडच्या मंडळींना त्या नाटकाची ओढ असते. पण 'जय शंकरा' अहिरभैरवात त्यांनी ज्या लयीत उभे केले ती लय हौशी गळ्यात अर्ध्यावर धापा टाकते.

मग विसरलेल्यांत काय? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' (1896) आणि 'मूकनायक' (1901) वाचा जरूर. पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणणारा हा माणूस, गडकऱ्यांचा गुरू. पण त्यांची कोटीबाज वाक्ये डोळ्यांना गंमत देतात, कानाला पोचेपर्यंत पुढचे वाक्य आलेले असते. अभिवाचन करा, प्रयोग नको. वीर वामनराव जोशींचे 'रणदुंदुभी' (1927) वझेबुवांच्या चालींमुळे आणि गायक-नट मास्टर दीनानाथांमुळे लक्षात आहे. पदे दीनानाथांच्या आक्रमक गायकीवर बेतलेली, म्हणून नंतर कोणी हात घालेना. 'आंधळ्यांची शाळा' (1933) हे तर उलट टोक: पदे मोजकीच, केशवराव भोळ्यांची भावगीताच्या अंगाची, आणि स्त्रीभूमिकेत ज्योत्स्नाबाई भोळे. संगीत नाटकात गाणे किती कमी चालू शकते हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

तुमच्यासाठी माझी निवड 'विद्याहरण' (1913). खाडिलकरांचेच. महाभारतातली कच-देवयानीची कथा: राक्षसांचे गुरू शुक्राचार्य यांना मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या येते, ती शिकायला आलेल्या कचाला मारून राक्षस त्याची राख त्यांच्या मद्यात मिसळतात. मद्यपानावरचे नाटक म्हणून सगळे 'एकच प्याला' सांगतात, पण इथे नशेत चूक करणारा माणूस प्रत्यक्ष गुरू आहे, आणि त्याची किंमत त्याच्या मुलीच्या, देवयानीच्या प्रेमाला मोजावी लागते. गाण्याची मुख्य जबाबदारी देवयानी आणि कच यांच्यावर. शुक्राचार्य जबरदस्त गद्य भूमिका आहे, शिष्यवराची विनोदी. म्हणजे तुमचा नटसंच जवळजवळ जसाच्या तसा बसतो. दुसरी गाणारी देवयानीच्या सखीसाठी ठेवा आणि देवयानीची काही पदे कापून तिची पाठ हलकी करा. 'मधुकर वनवन फिरत करी' लोकांना ओळखीचे आहे. एवढी एक ओळखीची जागा असली की अनोळखी नाटक प्रेक्षक आपले म्हणून घेतो.

आता वेळेचा हिशोब. जुने प्रयोग रात्रभर चालत. तुम्हाला वाशीचे विष्णुदास भावे असो, ठाण्याचे गडकरी रंगायतन असो वा घोडबंदर रोडचे घाणेकर, मध्यंतर आणि नेपथ्य उभारणे धरून ठरलेल्या वेळेत आटपावे लागते. रंगमंचावरचा निव्वळ वेळ 140 मिनिटे धरा. पदे 16 ठेवली, सरासरी साडेतीन मिनिटे, की 56 मिनिटे झाली. नांदीला तीन. टाळ्या, प्रवेश-बदल यांना सहा-सात. उरली 75 मिनिटे. मराठी संवाद रंगमंचावर मिनिटाला साधारण 110 शब्दांच्या गतीने जातो, म्हणजे गद्य आठ हजार शब्दांत बसवायचे. संहितेतले शब्द मोजा, मग कात्री घ्या. वन्समोरसाठी जास्तीत जास्त एक जागा, तीही दुसऱ्या अंकात. पहिल्या अंकात वन्समोर दिला की नाटक सुरू होण्याआधीच थांबते.

पट्टीचा प्रश्न कागदावर सोडवून ठेवा, तालमीत नव्हे. जुनी स्त्रीपदे पुरुषांनी गायलेली, त्यामुळे तबकडीची पट्टी तुमच्या गायिकेला लागू नाही. गाणारा काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा षड्ज, 'सा') आणि गाणारी काळी चारमध्ये असेल तर तुमचे नशीब चांगले: काळी चार हा काळी एकचा पंचम ('प'). काळी चारला लावलेला तबला तिचा षड्ज आणि त्याचा पंचम दोन्ही सांभाळतो, एकाच प्रवेशात दोघे गायले तरी बदलावा लागत नाही. त्याचे पद मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात असेल तर मात्र हाच तबला कानाला टोचतो. त्या पदापुरता काळी एकचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) हाताशी हवा. दोन दायें आणि एक डग्गा ही किमान तयारी. गायिका काळी पाचवर गेली तर हे गणित मोडते, तेव्हा तिला एक पूर्ण स्वर खाली, काळी चारवर उतरवता येते का ते पहिल्याच आठवड्यात बघा.

ऑर्गन मिळाला तर उत्तम, पण जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या पेटीशी जुळेलच असे नाही. दोन्ही एकत्र वाजवणार असाल तर आधी शेजारी ठेवून एक षड्ज दाबून पाहा. किंचितही लाटा ऐकू आल्या तर एकच वाद्य ठेवा. साथीदार प्रेक्षकांना दिसोत न दिसोत, नटाला ते दिसले पाहिजेत. तबलजी मागच्या विंगेत गेला की गाणारा समेवर अर्धी मात्रा आधी उतरतो आणि दोघेही एकमेकांना दोष देतात. नट ज्या बाजूला तोंड करून गातो त्या बाजूची पुढची विंग, हीच त्यांची जागा.

पदात शिरणे आणि पदातून बाहेर येणे, हौशी प्रयोग इथे सर्वाधिक पडतात. पेटीवाला संवादाच्या मध्यावरच सूर धरतो, लोकांना कळते आता गाणे, आणि शेवटची दोन वाक्ये खुर्च्यांच्या आवाजात जातात. षड्ज शेवटच्या वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर यावा, त्याआधी नाही. त्यासाठी पेटीवाल्याच्या प्रतीत ते दोन शब्द लाल शाईने अधोरेखित करा. बाहेर येताना टाळी पडते, समोरचा नट तिच्यावरच पुढचे वाक्य टाकतो आणि ते वाया जाते. टाळी ओसरायला लागली की बोलायचे, पूर्ण थांबायची वाट बघायची नाही. आणि गाऊन झाल्यावरचे पहिले वाक्य गाणारीने षड्जाच्या आसपासच्या सुरात उचलावे. एकदम खालच्या पट्टीत बोलली की गाणारी वेगळी आणि बोलणारी वेगळी वाटते. ही सवय लागायला तालमी लागतात, म्हणून गद्य आणि पदे यांच्या तालमी वेगळ्या घेऊन शेवटच्या आठवड्यात जोडू नका. तिसऱ्या आठवड्यापासून पेटी तालमीत हवीच, तबला आठवड्यातून दोनदा आला तरी चालेल.

माइक छातीवर लावला तर शेला आणि दागिने घासून खरखर येते, गालाजवळचा घ्या. पदाला आवाज वाढवण्याची ध्वनिव्यवस्थापकांची सवय असते, त्यांना आधीच सांगा की गाण्याला आवाज उलट किंचित उतरवायचा आणि संवादाला चढवायचा.

हक्कांचे: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, कोल्हटकर केव्हाच खुले झाले. खाडिलकर 1948 मध्ये गेले, त्यामुळे 'विद्याहरण' 2009 पासून मोकळे आहे. सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' 2026 अखेरपर्यंत नाही. विद्याधर गोखले ('मंदारमाला'), वसंत कानेटकर, पुरुषोत्तम दारव्हेकर ('कट्यार') यांच्या नाटकांना वारसांची लेखी परवानगी लागते. चालींचा हक्क वेगळा मोजतात: संगीतकार मास्टर कृष्णराव 1974 मध्ये गेले, म्हणजे नाटक खुले असले तरी त्यांची चाल घेताना विचारावे लागेल. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाटकांच्या सेन्सॉर मंडळाचे) प्रमाणपत्र लागते. तिथे कापलेली, अंतिम प्रतच द्या. नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी ती प्रत तयार हवी, म्हणून गद्य वाचनाला या महिन्यातच बसा.